तिसऱ्या दिवसाचा रस्सा

मालेगावात माझी भाजलेल्या कोंबडीची गाडी आहे. एक भाजीवाली बाई माझं नेहमीचं गिऱ्हाईक; तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी भाजीचं टोपलं रिकामं झालं की ती यायची, एक अख्खी कोंबडी मागायची आणि मी सुरा उचलला की हात आडवा धरायची.

"तोडू नका, भाऊ. तोडली का एकाच जेवणात सरते."

मग न विचारताच सांगायची, "आज तंगड्या सासऱ्याले अन् पोरीले. उद्या बाकीचं मांस कांद्यात परतून. परवा हाडकायचा रस्सा, भाकर चुरून."

एकदा आदल्या दिवशीची कोंबडी उरली होती. मी तिला पुन्हा मसाला लावला, निखाऱ्यावर धरली आणि या बाईला दिली. दुसरी गिऱ्हाइकं इथंच तोडून चाखतात, ही अख्खी घरी नेते, म्हणून दिली. ती तीन दिवस पुरवते हे मला ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्याला आली.

"पोरगी दवाखान्यात होती," ती म्हणाली. "आता बरी हाय. माहीच चूक, भाऊ. तिसऱ्या रोजी रस्सा नीट उकळला नसन म्या. सासरा अजून माह्या हातचं खात नाई."

चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. मी कोंबडी कागदात गुंडाळत राहिलो आणि म्हणालो, "नीट उकळत जा, ताई."

"हो, भाऊ," ती म्हणाली आणि मान खाली घालून गेली.