मांडवाबाहेर न गायलेली गाणी

सगळं गाव जिला बाय म्हणे, तिला गाताना ऐकायचं तर लग्नाचं बोलावणं लागे. एरवी तिच्या तोंडून एक ओळ ऐकलेला माणूस गावात नव्हता. भातलावणीला बाकीच्या बायका गात, ही ओठ मिटून रोपं रोवायची. आणि मुरबाडपासून शहापूरपर्यंत तिच्याइतकी गाणी येणारी धवलारीण, म्हणजे गाण्यांनी लग्न लावणारी बाई, दुसरी नव्हती. आमच्याकडे मांडवात उंबर रोवण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत सगळं धवलारणीच्या गाण्यावर चाले. बायचा आवाज गोड नव्हता, सुपात खडे घोळवल्यासारखा होता. पण गाण्यातला एक शब्द ती इकडचा तिकडे होऊ देत नसे.

मी गावातलाच, नव्वद सालाच्या आसपास शाळामास्तर झालेला. ही गाणी लिहून ठेवायला हवीत असं माझ्या मनानं घेतलं. वही घेऊन तिच्या ओटीवर गेलो. तिनं चहा दिला, भाकरी दिली, गाणं दिलं नाही. गाण्यांत एकेका देवाला लग्नाला बोलवलेलं असतं. ती म्हणाली, "देव येतील, दारात उभं ऱ्हातील, नि घरात चूल नाय पेटलेली. मानसाला तरी असं बोलवतं का रे कोनी?"

मी वही मिटली. तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच अजून राग येतो.

मग मी लग्नं धरली. खाली बसून भराभर लिहायचो. पण तोवर गावोगाव कर्णे लावून वाजणारा बेंजो आला होता. बायचं गाणं चौथ्या-पाचव्या ओळीवर पोचलं की पोरं तिकडे वाजवायला सुरुवात करत. एकदा तिनं वाजवणाऱ्याला जवळ बोलावून शांतपणे विचारलं होतं, तुझ्या पेटीनं लगीन लागतं का, मग मी घरी जाते. तो हसला. ती गात राहायची, ओठ हलताना दिसत, ऐकू काही येत नसे. मी वहीत लिहायचो : 'इथे बेंजो सुरू.' एका मांडवात पाटाखाली टेपरेकॉर्डर लपवला. घरी येऊन ऐकला तर जनरेटरची घरघर, आणि मध्येच बायचा स्पष्ट आवाज, माझा चहा कुठं ठेवलाय म्हणून.

शेवटी तिलाच माझी दया आली. म्हणाली, "तुज्या लग्नात सगळी बोलंन. बेंजो नको सांगू. बस नि लिव."

आणि मी नोंदणी विवाह केला. मानपान, जेवणावळी, देणंघेणं नको, असं पुस्तकं वाचून ठरवलं होतं. ते आजही चूक वाटत नाही. पण कचेरीत सही करताना मला बायची आठवणसुद्धा झाली नाही. आठवड्याने पाया पडायला आम्ही दोघं गेलो. तिनं माझ्या बायकोची ओटी भरली. मला म्हणाली, "सही केलीस नि झालं? मी घसा राखून बसलेली रे." पुन्हा कधी तिनं हा विषय काढला नाही. मी पुढेही वर्षानुवर्षं तिच्या ओटीवर जात राहिलो. ती पावसाचं बोलायची, गुडघ्यांचं बोलायची.

मागच्या वर्षी बाय गेली. नव्वदीच्या पुढे असावी. सगळी गाणी घेऊन गेली. दिवसकार्याला लोक तिचे गुण सांगत होते आणि मी कोपऱ्यात मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो.

महिन्याभरापूर्वी तिची सून घरी आली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, वाशिंदला हॉलमध्ये. म्हणाली, "गुरुजी, सासूची गानी तुमच्या वहीत असतील ना? मला थोडी येतात, पन सलग नाय लागत."

मी वही दिली. ती चौथी शिकलेली, बोट ठेवून हळू वाचू लागली. चार ओळी झाल्या. 'इथे बेंजो सुरू' यावर बोट थांबलं, पण तोंड थांबलं नाही. पुढची ओळ आली, तिच्या पुढची आली. मी खिशातलं पेन काढलं, आणि ते पाहून तिनं ओठ मिटले. अगदी बायसारखे.

"मांडव नाय इथं," ती म्हणाली. "लग्नाला या गुरुजी, वही घेऊन."

बेंजो तर नाही ना, मी विचारलं.

"बेंजो कोन सांगतं आता? पोरांनी डीजे ठरवलाय."