मंदाताईंच्या मशिनींची पंचायत

कुठल्याही एकट्या मशीनवर मंदाताईंचा काडीचा विश्वास नव्हता. नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली तपासणी शिकले. दिव्याच्या मशीनमध्ये बुबुळावर पांढुरका डाग दिसला की मी लगेच लिहायला घ्यायची. त्या वही ओढून घ्यायच्या. "थांब की! दिव्यात डाग दिसतो, खोली न्हाई. ओसीटीवर घे, थर दिसतील, मग पेशी मोजायच्या मशीनवर. एका साक्षीवर फाशी देतीस व्हय?"

घराण्यातून उतरणारे डाग ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याचं कारण त्यांच्या माहेरी, शेवगावला होतं. थोरल्या भावाची, दादांची, मुलगी सुवर्णा. विशीतच तिची दोन्ही बुबुळं धुरकटली होती. वडिलांमागे दादांनीच मंदाताईंना शिकवलं, आणि सुवर्णा आत्याच्या, म्हणजे मंदाताईंच्या, मुलाला, अमोलला द्यायची हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं.

लग्नाचं बोलणं निघालं तसं मंदाताईंनी अमोलला तिन्ही मशिनींवर बसवलं. तिन्ही चित्रं स्वच्छ. दादा खूश झाले. "तुझ्याच मशिनी सांगत्यात पोरगा साफ हाय. आता कशाला अडून बसलीस?"

पण हा दोष डोळ्यात न दिसता रक्तात दडून बसतो, हे मंदाताईंना ठाऊक होतं. त्यांनी अमोलचं रक्त पुण्याला पाठवलं. दोष निघाला. आई-बाप दोघांकडून आला तरच तो डोळ्यात उतरतो; म्हणजे या जोडप्याच्या प्रत्येक लेकराला निम्मा धोका. "न्हाई म्हनलं तर भाऊ जातो, व्हय म्हनलं तर नातवंडांचे डोळे," त्या म्हणाल्या. त्या नाही रडल्या, रडले मीच.

शेवटी त्यांनी नकार दिला. "नात्याबाहेर द्या दादा, तिची लेकरं धड निपजतील," असं परोपरीनं सांगितलं. दादा उठले. "सख्ख्या आत्यानं नाकारलेली पोर बाहेरचं कोन करंल?" त्या दिवसापासून त्यांनी बहिणीच्या घरचं पाणी वर्ज्य केलं.

वर्षभरात सुवर्णाचं बुबुळ बदलायची वेळ आली. तपासणीला दादांना आमच्याकडेच यावं लागलं. ते बाहेर बाकावर तोंड फिरवून बसले. आत मंदाताईंनी सुवर्णाची हनुवटी मशीनच्या पट्टीवर टेकवली.

"आत्या, तू बरोबरच केलंस," सुवर्णा म्हणाली. "मीबी तेच केलं असतं. पन मला आता कोन करून नेनार, तेवढं सांग."

"डोळा हलवू नको, बाळा," मंदाताई म्हणाल्या. त्यांचा हात चित्र घ्यायच्या बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. बटण मी दाबलं.