मेन्नाआत्याच्या गाडीची आंघोळ

गेथिनने पाण्याचा जोरदार फवारा गाडीच्या पोटाखाली धरला. वाळक्या चिखलाचं एक ढेकूळ सुटून खाली पडलं आणि त्याच्याबरोबर गाडीचाही तुकडा पडला. ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्याला भोक. गेथिनने त्यात अंगठा घालून पाहिला, तो सरळ पलीकडे गेला.

गाडीची वार्षिक तपासणी दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. मेन्नाआत्याने मुलीला शब्द देऊन ठेवला होता, ज्या वर्षी गाडी नापास होईल त्या वर्षी मेंढ्या विकून मी खाली तुझ्याकडे गावात राहायला येईन. मुलगी दर वर्षी तपासणीच्या दिवशी न चुकता फोन करायची. आवाजात काळजी असायची, आणि थोडी आशाही.

आत्याने ही गाडी शर्यतींची हौस फिटलेल्या एका तरुणाकडून घेतली होती. निळी, जपानी, बॉनेटवर हवा ओढणारं मोठं भोक, मागे विमानासारखा पंख. पंखाला आत्या फाटक बांधायची दोरी गुंडाळून ठेवी. तिच्या शेताकडे जाणारी वाट इतकी उभी होती की हिवाळ्यात पोस्टमन खालच्या पुलावरच पत्रं ठेवून जायचा. ही गाडी मात्र चारी चाकांनी बर्फाला ओरबाडत वर यायची, मागच्या सीटवर आजारी मेंढी असली तरी. आणि ती बहुतेक वेळा असायचीच.

गेथिन हा तिचा भाचा. शहरात रसायनशास्त्र शिकवायचा, रुमाल इस्त्री करायचा, सुट्टीत मदतीला यायचा. गाडी धुण्याचा उद्योग त्याने उगाच केला नव्हता. मागच्या वर्षी तपासनीस टुडुर म्हणाला होता, "काकू, पुढच्या वेळी एवढी घाण घेऊन आलात तर मी हात लावणार नाही. नियमच आहे तसा." म्हणून ही आंघोळ. आता त्या भोकाकडे बघून गेथिनला घाम फुटला. मग त्याने असं काही केलं की त्याच्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर वर्गात तोंड दाखवायची सोय उरली नसती. गोठ्यातून मूठभर मेंढीच्या लेंड्या आणल्या, चिखलात मळल्या आणि भोकात लिंपल्या. नखांत गेलेलं टाचणीने कोरून काढलं. हात तीनदा धुतले. आत्याला काही सांगितलं नाही.

सकाळी तपासणी केंद्रात टुडुरने गाडी खालून पाहण्याआधी ब्रेक तपासायला घेतले. इतर गाड्यांची चाकं तो रुळांवर फिरवून बघतो. हिची चारी चाकं आतून एकमेकांना जोडलेली, दोनच चाकं रुळांवर फिरवली तर यंत्रणाच मोडायची. म्हणून हिला रस्त्यावर न्यायची, आत ब्रेकचा जोर मोजणारं यंत्र ठेवायचं आणि करकचून ब्रेक दाबायचा. म्हणजेच आत बसायचं. टुडुरने दार उघडलं, एक पाऊल मागे सरला आणि खोल श्वास भरून घेऊन आत शिरला.

तो परत आला तेव्हा चेहरा गवतासारखा हिरवा पडला होता. दोन बोटांत त्याने एक बाटली शेपटीने धरलेल्या उंदरासारखी धरली होती.

"काकू, ब्रेक उत्तम आहेत. दाबल्याबरोबर ही सीटखालून येऊन माझ्या बुटावर रिकामी झाली."

"अगं बाई, चिकाची बाटली," आत्या म्हणाली. "आईवेगळ्या कोकरासाठी ठेवली होती. वसंतात शोधत होते मी."

"हा नोव्हेंबर आहे, काकू."

"म्हणून तर म्हणते, बरं झालं सापडली."

गेथिनने नाकाला रुमाल लावला. बूट पुसून टुडुर गाडीखाली गेला. दाराखाली बोटाने टोचलं, आणि बोट आत गेलं. ते बाहेर काढून त्याने उजेडात पाहिलं, मग जे करायला नको होतं ते केलं. वास घेतला.

"हे काय लावलंय?"

आत्याने वाकून पाहिलं. "ही लेंडी आपल्याच मेंढीची." मग सावकाश मान वळवून ती गेथिनकडे बघत राहिली.

"धुताना भोक पडलं," तो पुटपुटला. "वाटलं, दिसणार नाही."

"मदतीला म्हणून येतोस, गोठा कधी झाडला नाहीस, आणि पहिल्यांदा शेण उचललंस ते यासाठी?"

टुडुर हात पुसत म्हणाला, "तासाभरात वेल्डिंगने नवा पत्रा जोडला तर नापास लिहावं लागत नाही. पण ठिणग्या उडणार. आत गवत आहे, लोकर आहे, पेट घेईल. आतलं सगळं निघाल्याशिवाय मी जोडकाम करणार नाही. आणि आतलं मी काढणार नाही. सांगून ठेवतो."

 दाराच्या पत्र्यावर आत्याने नुसता तळहात ठेवला. मुलीने गावात आत्यासाठी ठेवलेल्या खोलीची खिडकी दुसऱ्या घराच्या भिंतीकडे उघडते, हे गेथिनला माहीत होतं. त्याने बाह्या वर केल्या.

सीट निघाली. तिच्याखाली कधीकाळी सांडलेल्या दाण्यांना कोंब फुटून ते काळे पडले होते. गालिचा ओढला तर तो आधी आलाच नाही, मग ओल्या कातड्यासारखा चिकटत, सुर्र आवाज करत आला, आणि खालून पांढऱ्या अळ्या घाईघाईने अंधार शोधू लागल्या. गेथिन दोनदा बाहेर जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा रुमाल नव्हता. आंबलेला चीक, कुजकी लोकर, ओलं कुत्रं. शेवटी शेवटी त्याने गालिचा छातीशी कवटाळून बाहेर नेला, कारण दुसरा मार्गच नव्हता.

पत्रा बसला, मग सीटही. गाडी पास झाली. फोन वाजला तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "पास. तुझ्या हिरमुसण्याचा आवाज येतोय मला." आणि फोन खिशात टाकला.

गेथिन गाडीपाशी उभा होता. शर्ट पोटाला चिकटलेला, हात कोपरापर्यंत काळे. कोणीतरी दोन शब्द चांगले बोलावेत असं त्याला फार वाटत होतं.

"आत्या," पुढचं दार उघडत तो म्हणाला, "मी धुतली म्हणून तर भोक कळलं. एका परीने बरंच झालं ना?"

आत्याने नाक मुरडलं.

"मागे बस, वास येतोय तुझा."