इंटरफेरॉनवाले सर

स्वतःला ताप आला म्हणून खूश होणारा माणूस सेलूत एकच होता, आमचे जीवशास्त्राचे सर. अंग फणफणलं की थर्मामीटर घेऊन ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "इंटरफेरॉन कामाला लागलंय!" काकूंनी काढा आणला तर म्हणायचे, "थांब, इतक्यात उतरवू नको." सगळा मराठवाडा नामांतरावर तावातावाने बोलत होता त्या वर्षांत सर चहाच्या टपरीवर हमालांना आणि आडत्यांना इंटरफेरॉन समजावत. उदाहरणाला समोर कापसाची जिनिंग होतीच. "पेशीत विषाणू घुसला म्हंजी कापसाच्या गंजीला आग लागली. ती पेशी जळता जळता भोंगा वाजविती. तो भोंगा म्हंजी इंटरफेरॉन. मंग शेजारच्या पेशी आपापला कापूस झाकून घेतात." पुढे पेपरात एड्स आला आणि सरांचा आवाज चढला. "एचआयव्हीत आग इझतच न्हाई, भोंगा वर्षानुवर्षं वाजायलाय! शेवटी भोंग्यानंच गाव बेजार. आग इझवणारेच दमून जातात. नुकसान आगीनं किती आन् भोंग्यानं किती, हे शास्त्रज्ञांनाबी अजून नीट उमगलं न्हाई." मग सुई आणि सलूनचं ब्लेड यांवर अर्धा तास. चहा गार व्हायचा.

खुद्द सर कधी सलूनची पायरी चढले नव्हते. खिडकीला आरसा टांगून घरीच केस कापायचे, त्यामुळे एक कल्ला कानाच्या वर आणि दुसरा खाली. या महिन्यात कोणता वर असेल यावर आम्ही वर्गात पैजा लावत असू.

एका रविवारी मी त्यांच्याकडे वही द्यायला गेलो असताना जिनिंगचा ट्रक ड्रायव्हर आला. सरांचाच जुना विद्यार्थी. तो मोठ्या दवाखान्यातून एचआयव्हीचा कागद घेऊन परतला होता आणि बातमी त्याच्याआधी सेलूजवळच्या देवगाव फाट्यावर उतरली होती. दाढी वाढलेली. म्हणाला, "सर, सलूनवाल्यानं पायरीवरूनच हाकललं. म्हंतो, ब्लेडानं होतंय, तुमच्या सरांनीच सांगितलं."

सरांनी खिडकीला टांगलेला आरसा काढून पालथा ठेवला. मग म्हणाले, "मी लहान होतो तवा आमच्या वस्तीतल्या कुनालाच गावात केस कापून देत नव्हते. म्हनून मी घरीच कापतो. आन् आज भोंगा मीच वाजवला."

ड्रायव्हरचा हात धरून ते तडक सलूनमध्ये गेले. मी मागोमाग. "ब्लेड दर गिऱ्हाइकाला नवं टाक," सर सलूनवाल्याला म्हणाले, "माझं सांगणं तेवढंच होतं. ब्रश, टॉवेल, खुर्ची, काही बदलू नको. आधी याची दाढी, मंग माझी." सलूनवाल्याने नवं ब्लेड काढलं आणि दाढी झाली. ड्रायव्हर उठला तसे सर त्याच खुर्चीत बसले आणि तोच टॉवेल गळ्याभोवती घेतला. त्या दिवशी सरांचे दोन्ही कल्ले पहिल्यांदा सारखे झाले. मला उगीचच रडू आलं.

मग दर रविवारी ते दोघं जात. हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही बाकावर त्यांच्या शेजारी बसू लागली. दीडएक वर्षाने ड्रायव्हर गेला.

सर रविवार चुकवत नसत. खुर्ची रिकामी असली की सलूनवाला टॉवेल झटकून म्हणे, "या सर." सर म्हणत, "थांब जरा." आणि एक दाढी व्हायला लागतो तेवढा वेळ बाकावर बसून मगच उठत.