परत आलेल्या नथी

गिऱ्हाइकाने घासाघीस करायच्या आधी मावशी स्वतःच ती करून मोकळ्या व्हायच्या. समोरच्या बाईने नथ हातात घेऊन "कितीची?" एवढंच विचारलेलं असे. मावशी म्हणत, "दोनशे." मग त्या बाईच्या तोंडाकडे न बघता, "लई वाटत आसंल तर एकशेऐंशी द्या." बाई पर्स उघडत असतानाच, "बरं, दीडशे द्या. बोहनी हाय." ही बोहनी कधी कधी संध्याकाळी सहा वाजता होत असे.

आमच्या गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीमागे, त्यांची भाड्याची एक खोली होती. मूळच्या दुधनीच्या, घरात कानडी, बाहेर मराठी. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची आणि त्या मला 'तम्मा' म्हणायच्या. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मल्लिनाथ बार्शीला नोकरीत होता. तो दर सणाला यायचा आणि "आई, चल माझ्याकडं" म्हणायचा. मावशींचं उत्तर ठरलेलं होतं. "हात चालतेत तवर ही खोली. हात थांबले की ये घ्यायला." नवी पेठेतल्या एका सराफाच्या दुकानात सकाळी अकरा ते संध्याकाळी सात बसून त्या मंगळसूत्रं ओवायच्या, तुटलेल्या पोती गाठवून द्यायच्या. त्याचे महिन्याला साडेसहा हजार मिळत. खोलीचं भाडं तीन हजार दोनशे. उरलेल्या वेळात घरी बसून मोत्याच्या नथी करायच्या, त्या गल्लीत आणि ओळखीत खपायच्या.

माणसं त्यांच्या लक्षात राहायची ती नाकावरून. नावं त्या विसरायच्या. "ती बसक्या नाकाची आली हुती बग, तिची नणंद" असं सांगायच्या आणि आम्ही ओळखायचो. नाक बघितल्याशिवाय नथ करायला त्या तयार नसत. मोती कुठे वाकवायचे, खडा कुठे बसवायचा, हे नाकावर ठरतं म्हणायच्या. माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या नाकाला त्यांनी पहिल्याच दिवशी पास केलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तम्मा, तुझं नाक चांगलं हाय, पन वाया गेलं."

सुरेखानेच त्यांच्या नथी ऑनलाइन विकायला ठेवायची कल्पना काढली. फोटो तिने काढले, ॲपवर दुकान तिने उघडलं, पैसे मावशींच्या बँकेत जमा होतील अशी सोय केली. राहिली किंमत. ती माझ्याकडे आली, कारण मी टॉवेलच्या कारखान्यात कॉस्टिंगचं काम करतो. सूत, रंग, मजुरी, वीज, तूट असं धरून एक टॉवेल किती रुपयांना पडतो, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. एकवीस वर्षं हेच करतोय. नथीचं काय अवघड, असं मला वाटलं.

मी वही घेऊन त्यांच्या खोलीत बसलो. मोती, तार, खडे बहात्तर रुपये. डबी आणि पाकीट अठरा. कुरिअर सत्तर. ॲपवाल्यांचं कमिशन आणि बाकीची कापाकापी सत्तर. इथपर्यंत मावशी मान हलवत होत्या. मग मी विचारलं, "एका नथीला वेळ किती लागतो?"

"कशाला पायजे?"

"तुमची मजुरी धरायला."

त्या हसायला लागल्या. "हात घरचाच हाय की."

"घरचा असला तरी त्याला दिवसाला जेवायला लागतं," मी म्हणालो. दोन तास आणि तासाला साठ रुपये, असे एकशेवीस मी लिहिले. वर एकोणपन्नास चढवले. किंमत झाली तीनशे नव्व्याण्णव. मावशींनी तो आकडा दोनदा वाचायला लावला.

"चारशे? आन् नाकात घालायची वस्तू?" त्या म्हणाल्या. "माज्यासमोर कुनी येवढे मोजले तर मलाच लाज वाटंल."

"समोर कुणी नसणारच. तीच तर सोय आहे."

ती सोय त्यांना कधीच आवडली नाही. नाक न बघता नथ करणं म्हणजे डोळे मिटून भाकरी थापणं, असं त्या म्हणत राहिल्या. त्याची भरपाई म्हणून प्रत्येक डबीत एक मोती जास्तीचा टाकायला लागल्या. एखादा तुटलाच तर बाईला दुसरा मिळावा. मी हरकत घेतली. एका मोत्याचे दोन रुपये, महिन्याला सत्तर नथी गेल्या तर एकशेचाळीस. त्या म्हणाल्या, "तम्मा, तू हसतोस तवा बी मोजून हसतोस का रं?" सुरेखा मागून म्हणाली, "मोजतातच." मोती जातच राहिले. मी ते बहात्तरमध्येच धरले आणि पुढे गेलो.

हे सुरू झालं श्रावणात. दिवाळीच्या महिन्यात सत्तर नथी गेल्या. वीस परत आल्या, पन्नास विकल्या गेल्या. वस्तू परत करायची मुभा असते, आणि दोन्ही बाजूंचं कुरिअर विकणाऱ्याच्या अंगावर पडतं. ते सगळं मी धरलं. खर्च वजा जाता मावशींच्या हातात रोख राहिले तीन हजार आठशे पन्नास. पण परत आलेल्या वीस नथी होत्याच ना. प्रत्येकीत बहात्तरचा माल आणि एकशेवीसची मजुरी, म्हणजे एकशेब्याण्णव. वीस नथींचे तीन हजार आठशे चाळीस. दोन्ही मिळून सात हजार सहाशे नव्वद. तक्त्याच्या खाली मी तो आकडा लाल शाईने लिहिला. दुकानातल्या पगारापेक्षा तो अकराशे नव्वदने जास्त होता.

त्याच सुमारास दुकानाचे शेठ कुरकुरायला लागले होते. मावशी दुकानात पेंगतात, हे खरं होतं. महिन्याला सत्तर नथी करायला एकशेचाळीस तास लागत, आणि ते दुकानाच्या वेळेच्या पलीकडचे होते. शेठ म्हणाले, एक काहीतरी ठरवा. मावशी माझ्याकडे आल्या. काय करू, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुज्या कागदात काय हाय?"

मी कागद दाखवला. म्हणालो, "दुकान सोडलंत तरी चालेल. उलट फायदा आहे."

"खोली निगंल?"

"आरामात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान सोडलं. आयुष्यात इतका चटकन कुणी माझा सल्ला ऐकलेला नाही.

पुढचे चार महिने थोड्याफार फरकाने तसेच गेले. सत्तर नथी जायच्या, वीसेक परत यायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर तर जास्तच आल्या. मागवायची, दोन दिवस मिरवायची आणि 'आवडली नाही' म्हणून परत पाठवायची, असा प्रकार. काही डब्यांत नथीला हळदीकुंकू लागलेलं असायचं. ते मावशींनी मला एकदा दाखवलंही होतं. मी म्हणालो, पुसून घ्या. त्यांनी डबी मिटून फळीवर ठेवली.

रोख मात्र चार हजारांच्या पुढे जाईना. मी सांगायचो, पैसे मालात अडकलेत, लग्नसराईत सुटतील. मोत्यांची खरेदी कमी व्हायला हवी होती, तीही होत नव्हती. वीस तयार नथी घरात असताना दर महिन्याला पुन्हा सत्तर नथींचे मोती कशाला, हा प्रश्न मला पडला होता. एकदा विचारलंही. "लागतेत की," मावशी म्हणाल्या. लग्नसराईसाठी साठा करत असतील, असं मी धरून चाललो. माझ्या तक्त्यात शिल्लक नथींचा आकडा वाढत वाढत अठ्ठ्याण्णववर गेला. त्यांची किंमत अठरा हजार आठशे सोळा. तो कागद मी अभिमानाने सुरेखाला दाखवला.

होळीच्या आसपास मावशी घरी आल्या. त्यांनी भिशी मोडली होती, हे आम्हाला नंतर कळलं. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "तम्मा, त्या मालातले पैसे कवा निगतेत?"

"आत्ता काढू. तुम्ही फक्त त्या अठ्ठ्याण्णव नथी दाखवा. किंमत थोडी उतरवून एकदम विकायला लावतो."

"कंच्या अठ्ठ्यान्नव?"

मी आणि सुरेखा त्यांच्याबरोबर खोलीवर गेलो. मी म्हणालो, परत आलेल्या सगळ्या नथी काढा. मावशींनी फळीवरून लोणच्याची एक जुनी बरणी काढली. तिच्यात मोती होते, सुटे, निम्म्याच्या वर भरलेले. नथ एकही नव्हती.

"नथी कुठं आहेत?"

"उसवल्या की."

"सगळ्या?"

"मग काय करायचं? दुसऱ्या बाईच्या नाकाला लागलेली नथ तिसरीला कशी द्यायची?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला एवढंही कळू नये याचं नवल होतं. "उष्टं ताट कुनी म्होरं करतं का, तम्मा?"

तारा त्या फेकून देत होत्या. खडे काढताना टवके उडत होते. मोती धुऊन बरणीत, पण नव्या नथीत ते त्यांनी कधीच घातले नाहीत. परत आलेली प्रत्येक नथ उसवायला अर्धा तास, आणि तिच्या जागी नवी करायला पुन्हा दोन तास. म्हणजे शिल्लक काहीच नव्हतं. तीन हजार आठशे पन्नास हीच त्यांची खरी कमाई होती. भाडं देऊन महिन्याला साडेसहाशे रुपये उरत होते, आणि त्यावर ती बाई जगत होती.

"मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

सुरेखा म्हणाली, "तुम्ही विचारलं होतं का?"

नथींचं विचारलं नव्हतं. कारखान्यात दर तिमाहीला मी स्वतः गोदामात जाऊन टॉवेलचे गठ्ठे मोजतो. मोजल्याशिवाय शिल्लक लिहायची नाही, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. आणि मावशींच्या खोलीत, जिथे मी आठवड्यातून दोनदा चहा पीत होतो, तिथली एक नथ मी कधी मोजली नाही. टॉवेल परत आला की गोदामात जातो, म्हणून नथही जात असणार, एवढंच मी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नवी पेठेत शेठकडे गेलो. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. "मावशींसारखा हात न्हाय मिळणार, ते मी बी म्हणतो," ते म्हणाले. "पण आता एक बाई ठेवलीय. तिला काय म्हणून काढू? ती बी पोटासाठीच बसलीय." गल्ल्याजवळ बसलेली ती बाई मान खाली घालून मंगळसूत्र ओवत होती. मी चहा संपवून उठलो.

मी मावशींना म्हणालो, परत आलेल्या नथी नुसत्या पुसून पुन्हा पाठवल्या तर अजूनही हिशेब बसतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बसत आसंल. पन माज्या हातानं न्हाय हुनार ते." मी किंमत चारशेनव्व्याण्णव करून पाहिली. पंधरा दिवसांत चार नथी गेल्या. त्यांच्या नथीसारखी दिसणारी यंत्रावरची नथ त्याच पानावर खाली दीडशेला होती.

मल्लिनाथ एप्रिलमध्ये टेम्पो घेऊन आला. चांगला मुलगा आहे, मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. सामान अर्ध्या तासात भरून झालं. सुरेखा रडत होती. मावशी तिला म्हणाल्या, "रडतीस कशाला? पोराकडं चाललेय, जंगलात न्हाय." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुजं गणित बरोबर हुतं, तम्मा. माजी रीत त्यात बसली न्हाय, येवढंच." त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. पण रीत न बघता मांडलेलं गणित बरोबर नसतं, हे मला कळतं. माझा धंदाच तो आहे.

महिन्याभराने मी एकटाच बार्शीला गेलो. बरोबर एक पाकीट नेलं होतं. दुकानाचे साडेसहा हजार वजा हातात आलेले तीन हजार आठशे पन्नास, म्हणजे महिन्याला दोन हजार सहाशे पन्नासची तूट. चार महिन्यांचे दहा हजार सहाशे. ते माझ्या बचतीतून काढले होते.

मल्लिनाथचं घर नीटनेटकं आहे. सुनेने पोहे केले. मावशी टीव्हीसमोरच्या सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, पाहुण्यासारख्या. हात मांडीवर ठेवलेले. त्यांचे हात रिकामे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"कसं वाटतंय इथं?" मी विचारलं.

"समदं हाय. पंखा हाय, टीव्ही हाय. सून बोलत न्हाय वाकडं." मग, "सकाळी उठल्यावर जायचं कुटं, ते तेवढं न्हाय."

"नथी करत नाही?"

"कुनाच्या नाकाला करू? हितं वळखीचं नाक न्हाय."

मी पाकीट पुढे केलं. कशाचे म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्या चुकीचे; आणि आकडाही फोडून सांगितला. त्यांनी पाकीट उघडलं नाही. हातात धरून विचारलं, "येवढ्यात खोली येती का माजी परत?"

ती खोली घरमालकाने दुसऱ्याला दिली होती. तशीच दुसरी खोली आमच्याच भागात होती, ती मी चौकशी करून आलो होतो. खोटं सांगता आलं असतं. पण त्यांनी मला पूर्वी एकदा हाच प्रश्न विचारला होता आणि मी 'आरामात' म्हणालो होतो.

"तीन महिन्यांचं भाडं होईल," मी म्हणालो.

"आन् चौथ्या म्हैन्यात?"

मावशींनी वाट बघितली. मग उठल्या, माझ्या शर्टाच्या खिशात ते पाकीट घातलं, आणि खिसा वरून दाबून म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे, तम्मा. पोहे खा, गार हुतेत."