अकराशे खाती, ठेवीदार तीन

निपाणीच्या भागुबाईंचा देवाप्पा बेंगळुरूत, महादेवपुऱ्यातल्या एका परदेशी बँकेत आहे, एवढंच गल्लीला ठाऊक. त्यामुळे तो सुट्टीला गेला की कर्ज मागायला माणसं येतात. त्याच्या ऑफिसात ना काउंटर, ना पासबुक. अकराव्या मजल्यावर नुसते संगणक आणि फुकटची कॉफी, हे त्यांना कोण सांगणार?

काम मात्र जबाबदारीचं. जगातल्या बड्या बँका बुडाल्या तेव्हा बऱ्याच देशांनी मिळून नियम केला: लोक घाबरून पैसे काढायला धावले तरी तीस दिवस पुरेल एवढी पुंजी बँकेनं हाताशी ठेवायची. किती, ते कोणती ठेव किती चटकन पळेल यावर ठरतं. त्या तक्त्यावर देवाप्पाची सही लागते. थोडक्यात, दुसऱ्यांच्या घाबरटपणाचा अंदाज बांधायचा त्याला पगार मिळतो.

गेल्या वर्षी तक्त्यात नव्याकोऱ्या कंपन्यांची अकराशे खाती आली. लंडनच्या साहेबांनी ती ‘स्थिर’ या रकान्यात टाकली होती. देवाप्पानं दोन दिवस मान मोडून शोधलं, तर या अकराशे कंपन्यांत पैसा लावणारे तिघंच. त्यानं सही थांबवली.

“देवाप्पा, पाचला रिपोर्ट जायचाय,” त्याची मॅनेजर पवित्रा म्हणाली. “आणि तुझं प्रमोशन याच आठवड्यात ठरणार. स्वल्प ॲडजस्ट माडप्पा, जरा जमवून घे बाबा!”

“प्रमोशन पळालं तर एकटं पळेल, अक्का. हे अकराशे एकदम पळतील.”

पडद्यावर साहेब आले. देवाप्पाचं इंग्रजी निपाणीच्या शाळेतलं, वीट ठेवावी तसं एकेक वाक्य ठेवत जाणारं.

“सर, आमच्या गल्लीत पतसंस्था होती. शंभर बायका, शंभर खाती. विड्या वळून साठवलेला पैसा. एका दुपारी ठकुबाईनं कसलीशी कुजबुज ऐकली आणि आपले पैसे काढले. संध्याकाळी अख्खी गल्ली रांगेत. साठाव्या बाईला खिडकी बंद झाली. माझी आई नव्वदावी होती. खाती शंभर, पण ठेवीदार एकच, ठकुबाई.”

साहेबांनी वहीत लिहून घेत गंभीरपणे विचारलं, “ही ठकुबाई कोणत्या विभागात असते?”

“चौथी पास आहे, सर. शेजारी राहते.”

पवित्रानं घाईघाईनं माइक बंद केला, हसू बाहेर जाऊ नये म्हणून.

सही काही त्यानं केली नाही. शेवटी ती खाती ‘पळणाऱ्या’ रकान्यात गेली, बँकेला जादा रक्कम राखून ठेवावी लागली, नफा घटला. प्रमोशन शेजारच्या टेबलावरच्या प्राणेशला मिळालं. त्यानं म्हैसूरपाक वाटला. देवाप्पानं दोन तुकडे घेतले.

मार्चमध्ये त्या तिघांपैकी एकानं बँकेबद्दल कुठलीशी वावडी ऐकली आणि आपल्या कंपन्यांना निरोप धाडला. बाकीच्या दोघांनी तेच केलं. दोन दिवसांत नऊशे ऐंशी खाती रिकामी झाली. बँकेनं राखीव रकमेतून प्रत्येकाला मागेल तेवढे दिले. बातमी नाही, बोंब नाही. तिसऱ्या दिवशी पवित्रानं अख्खा मजला उभा केला आणि देवाप्पासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यांत जोरात प्राणेशच्या.

संध्याकाळी त्यानं घरी फोन लावला. “आई, आमच्या बँकेनं सगळ्यांचे पैसे दिले. एकालाही परत पाठवलं नाही. मी थांबवली होती ना सही, त्यामुळं.”

“द्याचंच की! त्येंचंच हुतं न्हवं?” भागुबाई म्हणाल्या. मग फोन कानाला तसाच धरून दारात आल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “किती जनांचं म्हनलास?”