वरचा वेग

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला सगळे 'सुपरफास्ट' म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्याला कधी जमलंच नाही. हौशी रेडिओचा नाद लागला, तिथेही तेच. टाइप केलेला मजकूर लघुलहरींवर पाठवताना वेग निवडावा लागतो. यानं सगळ्यात वरचा निवडला आणि तिथेच ठाण मांडलं.

थोरला भाऊ दूरच्या बेटावर हवामानाच्या नोंदी घ्यायचा. त्यालाही हाच नाद. दोघांचं लहानपणापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण बेटावरचा फोन बंद पडला आणि इकडे आईनं अंथरूण धरलं. "थोरल्याला बोलाव, या बोटीनं निघू दे," असं ती म्हणाली, तेव्हा सुपरफास्टला रेडिओपुढे बसणं भाग पडलं. बेटावरून बोट महिन्यातून एकदाच सुटायची.

त्यानं निरोप धाडला. उत्तर आलं, संथ पण स्वच्छ: "नुसता कचरा आला. वेग कमी कर."

"मला शिकवतोय!" तो भडकला. "जन्मभर तेच केलंय त्यानं!"

लहर आभाळावर आपटून कधी कधी दोन वाटांनी पोचते, एक जरा उशिरा. अक्षरं भराभर सोडली की मागचं पुढच्यावर चढतं. हे त्याला तोंडपाठ होतं. क्लबात नवख्यांना तोच सुनावायचा. पण थोरल्याच्या सांगण्यावरून वेग उतरवायचा म्हणजे नाक कापून घेणं! त्यानं वेग तसाच ठेवून पॉवर वाढवली. कचरा तोच गेला, फक्त मोठ्या आवाजात.

"अहो, भाऊजी सांगतायत तसं करून बघा ना," बायको म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस!"

रोज संध्याकाळी तोच निरोप, तोच वेग, तेच उत्तर. कसला हा मेला ताठा! पलीकडच्या खोलीत आईला धाप लागत होती आणि याला आधी कोण नमतं याची पडली होती.

शेवटी आईनं जेवण सोडलं. तेव्हा कुठे, दातओठ खात, त्यानं वेग तळाला आणला. "आई बोलावतेय. या बोटीनं निघ." निरोप रांगत गेला. उत्तरही तसंच, एकेक अक्षर करत पडद्यावर आलं: "आता समजलं. बोट आज सकाळीच गेली रे. आई शुद्धीवर आहे ना?"

"काय म्हणाला?" आईनं आतून विचारलं. "निघाला का?"

पडद्यावर एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

"हवाच खराब आहे, आई," तो म्हणाला. "काही कळत नाहीये."